पिठाच्या डब्यातले अकरा मोबाईल

श्रीरामपूरच्या आसपास दहा-वीस गावांत कुठंही टेनिस बॉलची स्पर्धा असली आणि माइकवर कल्याण त्रिभुवन नसला, तर लोक सरळ म्हणतात, "मग जायचं कशाला? मॅच तर आमच्या बोळात पोरंही खेळतात." खोटं कशाला बोला, बरोबरच आहे त्यांचं. कल्याण दिसायला बेताचाच. वय पंचेचाळीस, पोट जरा पुढं, गळ्यात काळ्या दोऱ्यातला क्रूस, शर्टाच्या खिशात एक आणि पँटच्या खिशात एक असे दोन मोबाईल. पण एकदा का तोंडाशी माइक आला, की बघायचं काम नाही! "हाऽऽ उचलला चेंडू, गेला, गेला, गेला आणि पडला थेट उसाच्या फडात! सहाऽऽ धावा! बॉल शोधायला आता कोयता घेऊन जा रे बाबांनो!" मैदान नुसतं उसळायचं. म्हातारी माणसं काठी हवेत नाचवायची.

आणि नुसतं क्रिकेट नाही बरं का. लग्न, सत्कार, चर्चचा सण, कुणाच्या दुकानाचं उद्घाटन, सगळीकडं कल्याणच. सप्टेंबरात मतमाउलीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, यात्रेत हरवलेल्या पोरांची नावं पुकारायलाही त्यालाच बोलावतात, कारण त्याचा आवाज ऐकून रडणारं पोरगं गप्प होतं म्हणे. हल्ली त्यानं लाईव्हचाही धंदा सुरू केला होता. तीन पायांच्या स्टँडवर मोबाईल लावायचा, तोंडानं समालोचन करायचं आणि डोळ्यांनी खाली येणाऱ्या कमेंटी वाचायच्या. सदतीस ग्रुपांत तो होता, त्यातल्या नऊ ग्रुपांचा अ‍ॅडमिन. सकाळी डोळे उघडले की कपाळाला क्रूसाची खूण करायच्या आधी अंगठा काचेवर जायचा. दात घासताना उत्तरं द्यायची, जेवताना पुढं पाठवायचं. बायको रेश्मा म्हणायची, "अहो, एक दिवस तुमचा अंगठा झिजून जाईल, मग आधारकार्डाला काय लावाल?" तो हसायचा आणि तेवढ्यात कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊन टाकायचा.

अशा माणसाचा बाप कोण असावा? पुंजाराम मास्तर! चाळीस वर्षं हा माणूस चर्चचा धर्मशिक्षक होता. सायकलीला कंदील, मागं कॅरेजला पोथ्यांची पिशवी, आणि चौदा खेड्यांतल्या ख्रिस्ती वस्त्या. संध्याकाळी सायकल वस्तीत शिरली की बायका चुलीवरची भाकरी उतरवून ठेवायच्या. मास्तर ओट्यावर बसायचे आणि येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायचे. इतकी सावकाश म्हणायचे, इतकी सावकाश, की देवाकडे रोजची भाकर मागायची ओळ आली की पोरांना खरंच भूक लागायची. लहानपणी कल्याण कंटाळून चुळबुळ करायचा तेव्हा ते म्हणायचे, "लेकरा, देवाच्या म्होरं बसताना पायताणाबरूबर घाई बी भायेर काढून ठिवायची असती." पोरगं पायताण काढून ठेवायचं. घाई काही त्याला कधी काढता आली नाही.

जूनमध्ये मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय थोडा ओढू लागला आणि बोलणं अडकलं. समजायचं सगळं. माणसं ओळखायचे, पेपर वाचायचे, धनश्रीनं गणित चुकवलं तर बोट ठेवून दाखवायचे. धनश्री म्हणजे कल्याणची लेक, नववीतली. पण बोलायला गेले की शब्द घशाशी येऊन थांबायचा. कधी अर्धं मिनिट, कधी दोन मिनिटं. आणि त्या घरात दोन मिनिटं थांबायला वेळ कुणाला होता?

नोव्हेंबरात नगरहून दर मंगळवारी श्रीरामपूरच्या दवाखान्यात येणाऱ्या अनन्या मॅडमकडे कल्याण त्यांना घेऊन गेला. मॅडम अशाच माणसांना पुन्हा बोलायला शिकवायच्या. वयानं लहान, पण नजर कडक.

"मास्तर, आज सकाळी काय खाल्लं?" त्यांनी विचारलं.

"उपमा!" कल्याण म्हणाला. "बाबांना उपमा फार आवडतो, मॅडम."

"मास्तर, झोप लागते का रात्री?"

"लागते की! चांगली घोरतात."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कल्याणभाऊ, तुमचं नाव पुंजाराम आहे का?"

मॅडमनी मास्तरांना खाण्याचाच प्रश्न पुन्हा विचारला आणि कल्याणला थांबवायला हात वर करून धरला. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत राहिलं. मास्तरांचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. कल्याणच्या खिशात मोबाईल थरथरला, त्याचा हात निघालाच होता, मॅडमनी डोळे वटारले. आणि मग, जवळजवळ मिनिटानं, मास्तर म्हणाले, "भा...कर."

उपमा नव्हताच! बापानं सकाळी चहात भाकरी कुस्करून खाल्ली होती आणि शेजारी बसलेल्या पोराला ते दिसलं नव्हतं. त्या वेळी तो कुठल्या तरी ग्रुपातलं भांडण मिटवत होता.

बाहेर आल्यावर मॅडमनी स्पष्ट सांगितलं. "शब्द आत आहेत. फक्त बाहेर यायला वेळ लागतो, आणि तो वेळ त्यांना घरात कुणी देत नाही. असंच चाललं तर ते प्रयत्नच सोडतील. सोडले, की मग माझ्याही हातात काही नाही. रोज वीस मिनिटं त्यांच्यासमोर बसा. शब्द पुरवायचा नाही. मोबाईल नाही. नुसतं थांबायचं."

"एवढंच ना?" कल्याण म्हणाला. "सोपं आहे की."

सोपं! त्या संध्याकाळी तो बापासमोर खुर्ची टाकून बसला. दीड मिनिट झालं आणि त्याचा गुडघा हलायला लागला. दोन मिनिटं झाली आणि हात खिशात गेला. नुसतं वेळ बघायला, असं तो स्वतःला म्हणाला, आणि वेळ बघता बघता त्यानं तीन मेसेजना उत्तर दिलं, एका मॅचची तारीख पक्की केली आणि मान वर केली तर मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते.

रेश्मा दारात उभी होती. शिलाई मशीनवरून उठून आली होती, गळ्यात टेप तसाच. तिनं स्वतःचा मोबाईल त्याच्यासमोर धरला. "हे बघा एकदा. मी चार महिने दाखवू की नको करत होते."

जुलैतलं लाईव्ह होतं ते. मास्तर दवाखान्यातून घरी आल्याच्या आनंदात कल्याणनं संध्याकाळची घरची प्रार्थना सगळ्या भावकीसाठी लाईव्ह केली होती. त्यांच्या घरची रीत अशी, की प्रार्थना घरातल्या सगळ्यांत वडील माणसानं म्हणायची, बाकीच्यांनी मागून. व्हिडिओत मधोमध कल्याण, हातात माइकसुद्धा! कडेला खुर्चीत मास्तर. मास्तरांनी सुरुवात केली, पहिला शब्द निघाला, दुसरा अडकला. आणि कल्याणनं काय करावं? तो तिथून पुढं धावत सुटला. आपल्या त्या मैदानी आवाजात, एका दमात, चाळीस सेकंदांत प्रार्थना खल्लास. नजर सगळा वेळ खाली, कमेंटींवर. पुण्याहून आमेन, मुंबईहून आमेन, हात जोडलेली चित्रं. आणि कडेला म्हातारा. त्यानं डावा हात उचलला होता. एक बोट वर केलं होतं. थांब. पोरगं थांबलं नाही. ते बोट थोडा वेळ तसंच हवेत राहिलं, मग हळूच मांडीवर उतरलं आणि ओठ मिटले.

"त्या दिवसापासून प्रार्थनेला बाबांनी तोंड उघडलेलं नाही," रेश्मा म्हणाली. "तुम्ही रोज म्हणता, ते रोज गप्प बसतात. तुमच्या लक्षातसुद्धा आलं नाही."

कल्याणनं तो व्हिडिओ पाच वेळा बघितला. दोनशे सतरा लोकांनी ते लाईव्ह बघितलं होतं आणि ते बोट एकालाही दिसलं नव्हतं, आणि सगळ्यांत जवळ तर तोच बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मठात गेला, सिस्टर प्रणितांकडे. सिस्टर आता बहात्तर वर्षांच्या. पाचवीत त्यांनीच कल्याणला बडबडीबद्दल वर्षभर बाकावर उभं केलं होतं. निवृत्त झाल्यापासून रोज साडेसहाला त्या मठाच्या छोट्या चॅपेलात तीन-चार बायांबरोबर वीस मिनिटं शांत बसायच्या. गाणं नाही, वाचन नाही, मागणं नाही. निःशब्द प्रार्थना.

"सिस्टर, मला गप्प बसायला शिकवा," कल्याण म्हणाला.

सिस्टरांनी चष्मा काढून पुसला. "तेहतीस वर्षं उशीर केलास. ये, बस."

शिकवणी दोन मिनिटांत संपली. पाठ ताठ, पाय जमिनीवर, डोळे मिटलेले. एक लहानसा शब्द निवडायचा, त्यानं 'प्रभू' निवडला. श्वासाबरोबर मनात तो शब्द. मन भटकलं की चिडायचं नाही, मारामारी करायची नाही, गुपचूप शब्दाकडे परत यायचं. "किती वेळा परत यायचं, सिस्टर?" "भटकशील तितक्या वेळा." आणि मोबाईल बाहेर, स्कूटरच्या डिकीत.

पहिला दिवस! काय सांगावं महाराजा! डोळे मिटले आणि डोक्यातला माइक चालू झाला. 'आणि कल्याण त्रिभुवन, चॅपेलच्या टोकाकडून, पहिला श्वास घेण्यासाठी सज्ज! आत घेतला, सोडला, अरे अरे अरे, हे काय, मन सुटलं, मन निघालं सीमारेषेकडे, रविवारच्या फायनलचं जनरेटर कुणी सांगितलंय का?' प्रभू. 'सुरेख पुनरागमन!' प्रभू. 'पुन्हा सुटलं!' हात तर आपोआप रिकाम्या खिशाकडे जायचा. चौदा वेळा गेला, त्यानं मोजलं. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्या आणि ढोलासारखं दणदणणारं गाणं. कल्याणनं डोळा किलकिला करून बघितलं, बाया मजेत बसल्या होत्या. त्याला वाटलं तास झाला. झाली होती सहा मिनिटं.

"डोक्यात समालोचन चालतं, सिस्टर. बंदच होत नाही," त्यानं बाहेर आल्यावर रड लावली.

"चालू दे. तू प्रेक्षकांत जाऊन बसू नको, म्हणजे झालं."

पण गडी हट्टाचा. रोज जायचा. संध्याकाळी सहाला घरी बापासमोर बसायचा आणि तेव्हा दोन्ही मोबाईल स्वयंपाकघरातल्या ज्वारीच्या पिठाच्या डब्यात. रेश्माची ही युक्ती. डबा रिकामा करून तिनं घासून-पुसून ठेवला होता. त्याचं झाकण इतकं घट्ट होतं, की उघडायला चमच्याचं टोक लागायचं, आणि तेवढी खटपट होईपर्यंत शरम वाटायची. आतून घुर्र घुर्र आवाज यायचा. "तुमचा डबा बोलतोय," धनश्री हसायची.

नवव्या दिवशी तो चॅपेलात पहिल्यांदा वीस मिनिटं डोळे न उघडता बसला. आनंद पोटात मावेना! बाहेर आला, डिकीतून मोबाईल काढला, चॅपेलच्या दाराचा आणि आपल्या जोडलेल्या हातांचा फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. 'आज वीस मिनिटे मौन प्रार्थना. शांततेत जी ताकद आहे ती कशातच नाही. मित्रांनो, अवश्य करा.' दुपारपर्यंत दोनशे जणांनी बघितलं. कुणी बघितलं हे कल्याणनं किमान दोनशे वेळा बघितलं. संध्याकाळी बापासमोर बसला तो चुळबुळत, कारण चर्चच्या फादरांनी बघितलं की नाही ते कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर त्याची वाटच बघत होत्या. "काल वीस मिनिटं गप्प बसलास आणि दिवसभर त्याची मॅच दाखवलीस."

कल्याणचे कान तापले. अगदी पाचवीतल्यासारखे. "चुकलं, सिस्टर. सगळं पाण्यात गेलं का आता?"

"पाण्यात कशाला जातंय? भटकलास. परत ये. तेवढंच तर शिकवलंय तुला."

मग तो परत आला, आणि रोज परत येत राहिला. डिसेंबर उजाडला. सकाळी कारखान्याच्या मळीचा आंबूस वास धुक्यात भरलेला असायचा, चॅपेलची फरशी बर्फासारखी गार. साधारण अठराव्या दिवशी असेल, कल्याण बसला होता. ट्रॅक्टर गेला, गाणं आलं, गेलं. शाळेची घंटा झाली. त्याला सगळं ऐकू येत होतं आणि त्यातलं काहीही त्याला हाक मारत नव्हतं. हात मांडीवर होते ते तिथंच होते. डोक्यातला समालोचक कधी उठून गेला होता ते कळलंच नाही. आणि मग त्याला वाटलं, आपण एकटे बसलेलो नाही. कुणीतरी आपल्यासमोर बसलंय. ते आपल्याला घाई करत नाही, आपले शब्द आपल्या तोंडातून काढून घेत नाही, घड्याळाकडे बघत नाही. नुसतं थांबलंय. ते कोण, हे त्याला विचारावं लागलं नाही. पंचेचाळीस वर्षं देव माझ्यासाठी असा थांबून होता, आणि मला माझ्या बापासाठी दीड मिनिट थांबता आलं नाही! तो तिथंच रडला, आवाज न करता. त्याच्यासारख्या माणसाला हेही नवीनच होतं.

तो घरी आला तो थेट मास्तरांसमोर बसला. मोबाईल डिकीतच राहिला, त्याला आठवलासुद्धा नाही. "बाबा, काही पाहिजे का तुम्हाला?" एवढंच विचारलं आणि थांबला. एक मिनिट. दोन. मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं, जरा संशयानंच. ओठ हलले. तीन मिनिटं झाली असतील. "साय...कल."

सायकल! अख्खं घर धावलं. सायकल घरामागच्या गोडाऊनमध्ये कल्याणच्या स्पीकरच्या खोक्यांखाली दबलेली. कल्याणनं ती ओढून काढली, पुसली, हवा भरली, कंदीलसुद्धा सापडला. अंगणात मास्तरांच्या खुर्चीसमोर स्टँडवर लावली. म्हातारा डाव्या हातानं घंटी वाजवत बसला, टिंग टिंग, आणि शेजारची माणसं बघायला आली. कल्याण तर ओरडायचाच बाकी होता. मंगळवारी अनन्या मॅडमनी वहीत तीन वेळा काहीतरी अधोरेखित केलं आणि त्याच्याशी चक्क हात मिळवला.

दिवसाला सात-आठ शब्द यायला लागले. चहा. धनू. फुलपात्र. ऊन. पण संध्याकाळी सातला प्रार्थनेला बसले की मास्तरांच्या तोंडाला कुलूप. कल्याणनं पुढाकार घेणं सोडून दिलं होतं. सगळे वाट बघायचे, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. म्हातारा समोरच्या क्रूसाकडे बघत राहायचा, ओठ घट्ट. शेवटी रेश्मा हळूच सुरुवात करायची. इतकं सगळं परत आलं, आणि जे कल्याणनं हिसकावून घेतलं होतं नेमकं तेवढंच येत नव्हतं.

आणि नाताळ जवळ आला. त्रिभुवनांच्या घरची आणखी एक रीत आहे. आदल्या संध्याकाळी सगळे जमतात. गवत अंथरून केलेल्या नाताळच्या गोठ्यात बाळ येशूची मूर्ती घरातलं वडील माणूस ठेवतं, प्रभूची प्रार्थना म्हणतं, आणि मगच घरची मंडळी चर्चमधल्या रात्रीच्या मिस्साला, म्हणजे सणाच्या उपासनेला, निघायच्या तयारीला लागतात. पन्नास वर्षं हे मास्तरांनी केलं. वडील माणसाला जमेनासं झालं की मान पुढच्याकडे जातो, आणि एकदा गेला की गेला. मास्तरांच्या बहिणीनं, छबूबाई आत्यानं, आल्या आल्या सगळ्यांसमोर विषय काढला. "कल्याण, यंदा तूच कर रं बाबा. दादाला कशाला तरास? तुजा आवाज बी लई गोड हाय."

मास्तर समोरच बसले होते. त्यांनी मान खाली घातली. कल्याणनं ते बघितलं. आता त्याला दिसत होतं.

"नाही आत्या," तो म्हणाला. "बाबाच करतील."

"आन् न्हाई जमलं तर?"

"तर थांबू."

पुण्याचा धाकटा भाऊ सुहास बायको-पोरांसह आला होता, आत्याची सून, तिची दोन मुलं, भरलं घर. सातला पाच कमी असताना सगळे गोठ्याभोवती जमले आणि बघतो तर काय, प्रत्येकाच्या हातात मोबाईल वर! सुहासनं तर लाईव्ह सुरूही केलं होतं. कल्याण स्वयंपाकघरातून पिठाचा डबा घेऊन आला आणि सुहाससमोर धरला.

"हे काय?"

"टाक यात."

"अरे दादा, अमेरिकेतली मावशी बघतीय."

"मावशीला सांग उद्या बोलू. टाक."

एकेक मोबाईल पडायला लागला, ठण, ठण, ठण. आत्याच्या सुनेनं तोंड वाकडं केलं, पोरांनी कुरकुर केली. आत्यानं कमरेच्या पिशवीतून आपला बटणांचा मोबाईल काढून तोही टाकला आणि म्हणाली, "घ्या, माजा बी." कल्याणचे दोन धरून एकूण अकरा. झाकण दाबून बसवलं आणि डबा कोपऱ्यात.

मास्तर उठले. सुहास आधाराला धावला, त्यांनी मानेनं नको म्हटलं. डाव्या हातात मूर्ती. पाय ओढत गोठ्याशी गेले, वाकले, बाळाला गवतावर ठेवलं. मूर्ती जरा कलंडली, त्यांनी सरळ केली. मग खुर्चीत येऊन बसले आणि क्रूसाकडे बघायला लागले, ओठ मिटलेले.

मिनिट गेलं. पाच मिनिटं गेली. कल्याण जमिनीवर बसला होता, पाठ ताठ, मनात तो एकच शब्द. कोपऱ्यातून डबा घुरघुरला, कुणाचा तरी फोन. कुणी हललं नाही. सुहासनं घड्याळ बघितलं, धनश्रीनं काकाला कोपरानं ढोसलं. सात मिनिटं. आठ. आत्या पुटपुटली, "कल्याण, बग बाबा." कल्याणनं फक्त बापाकडे बघितलं. खरंच घाई नव्हती त्याला. आली असती तर म्हाताऱ्यानं ओळखली असती.

आणि मास्तरांनी तोंड उघडलं!

पहिला शब्द आला. दुसरा आला. रेश्मानं तोंडावर पदर दाबला. तिसऱ्याला मोठी वाट बघावी लागली, पण आला. एकेक शब्द असा यायचा, जसा कुणी विहिरीतून भरलेला पोहरा वर ओढतोय. घरातली सगळी माणसं प्रत्येक शब्द मागून म्हणत होती, लहान पोरंसुद्धा, आणि कुणाचाही आवाज पुढं पळत नव्हता. रोजच्या भाकरीची ओळ यायला नऊ मिनिटं लागली. ती पूर्ण झाली तेव्हा सुहास बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसत होता. कल्याणचा जीव आत नाचत होता, ओरडत होता, शाब्बास बाबा, शाब्बास, आणि बाहेर तो ढिम्म बसला होता.

मग क्षमेची ओळ आली, आमच्या अपराधांची आम्हाला क्षमा कर म्हणणारी. आणि मास्तर थांबले.

अडकले, असं सगळ्यांना वाटलं. ओठ हलत नव्हते. त्यांनी क्रूसावरून नजर काढली आणि कल्याणकडे वळवली. बराच वेळ बघत राहिले. मग डावा हात पुढं केला, पोराच्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "तू... म्हन."

कल्याणनं तोंड उघडलं. चार तालुक्यांत ज्याचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेत पोचतो, तो कल्याण. आवाजच फुटेना. पहिलं अक्षरसुद्धा बाहेर पडेना. त्याच्यासमोर ते हवेत राहिलेलं बोट होतं, जुलैतलं. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. नुसता श्वास आला. आत्याला राहवेना, "म्हन की रं लेकरा, आमच्या..." तिनं शब्द पुरवायला सुरुवात केली.

मास्तरांनी डावा हात उचलला. एक बोट वर केलं, बहिणीकडे. थांब.

आत्या गप्प झाली. कोपऱ्यातला डबा पुन्हा घुरघुरला आणि बंद पडला. म्हातारा पोराच्या तोंडाकडे बघत बसला, तोंडावर कसलीही घाई नाही, चाळीस वर्षं वस्त्यांच्या ओट्यांवर बसायचा तसा. कल्याणला ती ओळ पूर्ण म्हणायला चार मिनिटं लागली. त्याचा शेवटचा शब्द बाहेर पडेपर्यंत मास्तरांनी बोट खाली घेतलं नाही.